भामगिरीचा वारा

गेल्या कार्तिक वद्यातली गोष्ट. त्रयोदशीस आळंदीला माउलींच्या समाधीचा सोहळा झाला. शके 1218 म्हणजे इसवी सन 1296 मधली ती तिथी, आणि अजून त्या दिवशी घंटा वाजली की म्हाताऱ्या माणसांचेही डोळे भरून येतात. दुसरे दिवशी, चतुर्दशीस, दुपारची पंगत उठली आणि आम्ही सातआठ मंडळी धर्मशाळेच्या ओसरीवर टेकलो होतो.

आदले रात्री आमची कीर्तनसेवा झाली होती. निरूपणात तुकोबारायांचे भामगिरीवरील पंधरा दिवस सांगितले होते. आमच्या वीणेकरी बाबांची नात, दहाबारा वर्षांची पोर, ती मध्येच म्हणाली, "महाराज, त्या डोंगरावरून खालचं काय काय दिसतं हो?"

आता काय सांगावे! चाळीस वर्षे आम्ही हा डोंगर फडावर उभा करीत आलो. कडा सांगितला, गुहा सांगितली, पान हलत नाही अशी शांतता सांगितली, आणि श्रोत्यांनी माना डोलावल्या. पण पायाने तो डोंगर एकदाही चढलो नव्हतो. पोरीला खोटे सांगवेना. एक माळकरी टेम्पो घेऊन आले होते. ते म्हणाले, "माउली, चाकणपलीकडे तर आहे. चला की आत्ताच." निघालो. पंचांग पाहिले नाही की शिदोरी बांधली नाही.

शिंदे-वासुलीच्या अंगाने पायवाट लागली तेव्हा ऊन कलले होते. शरदाचा शेवट, गवत पिवळे पडून वाळलेले. आमचे वय साठीच्या पुढचे, पंगतीतला भात पोटात, दर पन्नास पावलांना दम खावा लागे. धोतराला कुसळे लागली. कुसळाची एक खोड आहे. त्याच्या टोकाला उलटे केस असतात, म्हणून ते एकदा वस्त्रात शिरले की प्रत्येक हालचालीने पुढेच सरकते, मागे येत नाही. चालणाऱ्याला वाटते आपण त्याला मागे टाकले, आणि ते आत आत जात असते. हे पुढे कामास येणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.

डोंगराच्या सोंडेवर पाऊल ठेवले आणि वारा असा अंगावर आला की उपरणे खांद्यावरून गेले ते थेट काटेरी झुडपात. पागोटे एका हाताने धरले, दुसऱ्या हाताने पोरीचे बोट. शेजारच्याशी बोलायचे तर कानाशी तोंड नेऊन ओरडावे लागे. हीच का ती आम्ही सांगितलेली शांतता? आणि खालचे काय दिसते म्हणाल, तर सगळेच दिसते. कारखान्यांच्या पत्र्याच्या लांबच लांब शेड, रस्त्याने मुंग्यांसारखी चाललेली मालवाहू वाहने, शेतांचे तुकडे आणि त्या तुकड्यांमधले बांध. बांध फार स्पष्ट दिसतात वरून.

एका आजीबाईंनी कनवटीला वात आणि काड्यांची पेटी आणली होती. उघड्यावरच देवाच्या नावाने दिवा लावू म्हणाल्या. तीन काड्या गेल्या, चौथी गेली. मग आम्ही गुहेत गेलो. तिथे तोच दिवा लागला आणि ज्योत अशी उभी राहिली की जणू चितारलेली. बाहेर वारा घोंगावतो आहे आणि आत ज्योत हलत नाही.

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी योग्याच्या चित्ताला हाच दृष्टांत दिला आहे, वारा नसलेल्या जागेतल्या दिव्याचा. आणि त्याच अध्यायात पुढे अर्जुन काय म्हणतो? देवा, हे मन चंचल आहे, मथून काढणारे आहे, बळकट आहे, चिवट आहे; त्याला धरणे म्हणजे वारा धरणे. देवाने हे खोडून काढले नाही, बरे का. आधी मान्य केले की होय, संशय नाही, मन आवरायला कठीणच. मग दोन साधने सांगितली, अभ्यास आणि वैराग्य. पतंजलींच्या योगसूत्रांतही हीच जोडी आहे. आम्ही पाठशाळेत हे घोकले, पुढे शिकविलेही.

गुहेत सगळ्यांनी डोळे मिटून नाम घेतले. आम्हीही मिटले. वारा बाहेर, दिवा स्थिर, जागा तुकोबारायांची, तिथी माउलींच्या सोहळ्यालगतची. आणि मनात काय यावे? मार्गशीर्षातली कोर्टाची तारीख.

लपवून काय करावे? आमचा धाकटा भाऊ गावी शेती पाहतो. विहिरीच्या पाण्याची पाळी आणि दीड हात बांध, एवढ्यावरून दिवाणी दावा झाला. अकरा वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. लोक म्हणत, महाराजांनी शेतीवाडी सोडली, केवढे वैराग्य! आणि आम्ही ते ऐकून घेत होतो.

शब्द नीट पाहा. संस्कृतात राग म्हणजे रंग चढणे, आसक्ती. तो उतरला की विराग, त्याचा भाव ते वैराग्य. आपल्या मराठीने मात्र राग हा शब्द क्रोधाला लावला. व्याकरणी माणसे याला अर्थांतर म्हणून पुढे जातात. आम्हांला त्या गुहेत वाटले, मराठीने फार खोल पाहिले आहे. आवडीचा जसा रंग चढतो तसा चिडीचाही चढतो, आणि दुसरा अधिक पक्का. शेत सुटले होते, शेताचा राग सुटला नव्हता. कुसळासारखा प्रत्येक कीर्तनाबरोबर आत सरकत होता.

मग कान्होबांची आठवण झाली. तुकोबारायांची कथा सांगताना आपण कान्होबांना भाऊ शोधायला वर पाठवितो आणि तिथेच विसरतो. पण त्या घरात आधी काय घडले होते? थोरले सावजी, पत्नी गेल्यावर विरक्त होऊन तीर्थांना निघून गेले. पुढे 1630 च्या आगेमागे भयंकर दुष्काळ पडला. घरातली माणसे अन्नावाचून गेली. आणि आता मधले बंधू तुकोबाही घरात नाहीत. धाकट्याने हा डोंगर कोणत्या काळजाने चढला असेल? एक भाऊ वैराग्याने नेला, दुसराही नेतो की काय! याच वाऱ्यात त्यांनी हाका मारल्या असतील, आणि या वाऱ्यात हाक दहा पावलांवर पोचत नाही, हे आम्ही नुकतेच पाहिले होते.

तुकोबाराय भावाबरोबर खाली उतरले. परंपरा सांगते की दोघे इंद्रायणीकाठी बसले आणि कर्जखतांचे दोन वाटे केले. आपला वाटा तुकोबांनी डोहात सोडला. महिपतींनी 1774 च्या 'भक्तलीलामृता'त तुकोबांचे चरित्र विस्ताराने गायिले आहे. आम्ही कीर्तनात बुडालेल्या कागदांवर टाळ्या घेतो. पण कान्होबांचा वाटा तुकोबांनी त्यांच्या हाती राहू दिला. तूही बुडव, असा आग्रह धरला नाही. तुला अजून लोभ आहे, असे टोचले नाही. पंधरा दिवसांत जे साधले त्याची पारख आम्हांला तर इथे दिसते. आम्ही दीड हाताच्या बांधासाठी धाकट्याला वकिलाची नोटीस पाठविली होती, आणि तिच्या माथ्यावर श्रीविठ्ठल प्रसन्न लिहायला विसरलो नव्हतो!

आजीबाईंनी दिवा तसाच ठेवला. अंधार व्हायच्या आत उतरणे भाग होते. उतरताना गुडघे लटपटले, दोनदा खाली बसलो. वीणेकरी बाबा काही बोलले नाहीत. आमचे डोळे त्यांनी पाहिले असावेत. पायथ्याशी एका दगडावर बसलो तेव्हा पोर धोतराची कुसळे काढू लागली. ओढली की तुटत, टोक आत राही. मग तिने युक्ती केली. कापड उलटे धरून आतल्या बाजूने टोकाला धरले आणि ज्या दिशेने शिरले त्याच दिशेने पार काढले. एकेक करीत बसली होती.

आम्ही टेम्पोवाल्या माउलींचा मोबाइल मागून घेतला. धाकट्याचा नंबर आमच्याजवळ नव्हता. गावातल्या एका भजनी गृहस्थांना विचारून मिळविला. घंटी बराच वेळ वाजली. मग तिकडून, "कोण?"

आम्ही नाव सांगितले.

पलीकडे नुसता पाण्याच्या मोटारीचा घरघराट येत होता. विहिरीवरच असावा. आम्हांलाही शब्द सुचेना. चाळीस वर्षे बोलण्यावर पोट भरलेला माणूस!

शेवटी तोच म्हणाला, "दादा, वाऱ्याचा लई आवाज येतोय. कुठं आहेस तू?"