कानात राहिलेला साचा

माझे मामा परळच्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे, होते. साचेखात्यात शेकडो साचे एका वेळी धडधडत असायचे. शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून माणसं ओठांच्या हालचालीवर आणि हाताच्या खुणांवर बोलत. पण त्या गदारोळातही आपल्या दोन साच्यांपैकी एकाचा आवाज किंचित बदलला, की पाठमोरे असलेले मामा गर्रकन वळत. धोटा नीट बसत नाहीये की पट्टा सैल पडलाय, हे त्यांना कानानेच कळे. हे कुणी शिकवलेलं नव्हतं. अठरा वर्षं साच्यासमोर उभं राहून ते कानात उतरलं होतं.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. जवळपास अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. तो विरत गेला आणि त्याबरोबर गिरणगावही. काही विणकर भिवंडीच्या यंत्रमागांवर गेले, निम्म्याहून कमी मजुरीवर आणि बारा-बारा तासांच्या पाळीत. कुणी भाजीची गाडी लावली, कुणी गावाकडे परतलं. मामा उपनगरातल्या एका सोसायटीत वॉचमन झाले.

तिथे एका रात्री पाण्याच्या पंपाचा आवाज त्यांना वेगळा वाटला. खाली जाऊन त्यांनी मोटरवर हात ठेवून पाहिला. बेअरिंग गेलंय, हे सकाळी सेक्रेटरींना सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, “काका, तुम्ही गेट बघा.” चौथ्या दिवशी मोटर जळाली आणि दोन दिवस टँकर आणावे लागले. मामांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. “त्यांका काय म्हायत, माझो कान कसलो तो,” एवढंच म्हणाले.

क्षेत्र बदलणाऱ्या माणसाला सगळे एक गोष्ट हमखास सांगतात: अनुभव कधी वाया जात नाही. मला ते पटत नाही. अनुभव रोज, ढिगाने वाया जातो. तो माणसात शिल्लक राहतो हे खरं, पण त्याचं काही व्हायचं तर नव्या जागेला तो ऐकू यावा लागतो. सगळा भार आपण बदलणाऱ्या माणसावर टाकतो: लवचिक राहा, नवं शिका, जुनं कामाला लावा. जागेने काय करावं, याबद्दल कुणी बोलत नाही.

दादासाहेब फाळक्यांचं आयुष्य मला या संदर्भात पुन्हापुन्हा आठवतं. त्र्यंबकेश्वरात 1870 साली जन्मलेला हा माणूस आधी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि मग बडोद्याच्या कलाभवनात शिकला. गोध्र्याला त्यांनी फोटोग्राफीचा व्यवसाय करून पाहिला. पुरातत्त्व खात्यात नोकरी केली आणि स्वदेशीच्या दिवसांत ती सोडली. मग छापखाना काढला, रंगीत छपाईचं तंत्र समजून घ्यायला 1909 साली जर्मनीला जाऊन आले, आणि भागीदारांशी बिनसल्यावर छापखान्यातूनही बाहेर पडले. मधल्या काळात जादूचे प्रयोगही केले, आपलं आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने. चाळिशीला टेकलेल्या या माणसाचा अर्ज आज एखाद्या कचेरीत आला असता, तर धरसोड वृत्तीचा म्हणून बाजूला पडला असता.

मग त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला, 1912 साली लंडनला जाऊन कॅमेरा आणि यंत्रं आणली. पण भांडवल घालणाऱ्याला पटवायचं कसं? त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि त्याची वाढ थोडी थोडी चित्रित करत राहिले. पडद्यावर बघता बघता कोंब फुटला, वेल झाला. या छोट्या फिल्मचा मी फार वेळ विचार करत राहतो, कारण त्यात सगळेच जुने धंदे एकदम हजर आहेत. उजेडाचा अंदाज फोटोग्राफरचा. एकेक चित्र ठरलेल्या जागी अचूक बसवण्याची चिकाटी छापखान्यातली; रंगीत छपाईत एका रंगावर दुसरा रंग केसभर सरकला तरी चित्र बिघडतं. आणि लोकांच्या डोळ्यांसमोर अशक्य ते घडवायचं, पण हात दिसू द्यायचा नाही, हे जादूगाराचं. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यात तारामतीचं काम करायला बाई मिळेना, तेव्हा फाळक्यांना एका उपाहारगृहात काम करणारे साळुंके सापडले. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई स्वयंपाक आणि मुलंबाळं सांभाळून रात्री कच्च्या फिल्मला भोकं पाडत बसत. सिनेमाच्या त्या पहिल्या घरात ‘तुमचं हे काम नाही’ असं म्हणायला कुणी नव्हतंच. धंदा इतका नवा होता की त्याला अजून गेट बसलेलं नव्हतं, म्हणून जो जे घेऊन आला ते आत आलं.

पुढे बोलपट आले आणि याच फाळक्यांना नव्या सिनेमात सूर सापडला नाही. 1937 चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट. डोळ्यांची एवढी पुंजी असलेल्या माणसाला आवाजाच्या राज्यात ती पुरी पडली नाही. आणि तोवर या धंद्याला गेट बसलं होतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं थोडं वेगळं. चित्रकला शिकायला ते जे. जे.मध्ये गेले आणि काही रंग आपल्याला ओळखता येत नाहीत हे कळलं. रंग सुटले, रेषा राहिली. ती धरून ते यंत्रांचं ड्रॉइंग शिकले, व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले. पुढे बेळगावात सायकलींचं दुकान आणि मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीला विष चढतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. या दोन वर्षांत लक्ष्मणरावांजवळ स्वतःचं दुकान होतं, सोबत भाऊ होता, म्हणून ते थांबू शकले. ज्याच्या घरी पुढच्या महिन्याचं रेशन भरलेलं नाही, त्याला दोन वर्षं कोण देतं?

गिरणी संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत मुळात दवाखाना चालवणारे डॉक्टर. घाटकोपरला त्यांच्याकडे दगडखाणींतले कामगार पेशंट म्हणून येत, आणि त्यांच्यासाठी लढता लढता ते युनियनमध्ये गेले. डॉक्टरकीने त्यांना कामगाराचं शरीर दाखवलं होतं. संपाबद्दल माझ्या घरात आजही दोन मतं आहेत, पण ते आधी डॉक्टर होते हे मामा कधी विसरले नाहीत. “माणूस तपासूनच बोलायचो,” म्हणायचे.

मी स्वतः सोळा वर्षं गणित शिकवलं आणि आता भिवंडीजवळच्या एका गोदामात नव्या मुलांना काम शिकवतो. माल कसा लावायचा, स्कॅनर कसा धरायचा, हिशेब कुठे चुकतो. वर्गातलं एक माझ्याबरोबर आलं: मान हलवणाऱ्या मुलाला समजलेलं नसतं, हे मला लगेच दिसतं. पण एक मला टाकावं लागलं, आणि ते टाकायला वर्ष गेलं. मास्तर विचारतो ते प्रश्न, ज्यांचं उत्तर त्याला आधीच ठाऊक असतं. गोदामात पहिले कित्येक महिने मी तेच करत होतो. हमालीतून वर आलेल्या एका मुलाने एकदा सरळ विचारलं, “सर, तुम्हाला माहितेय ना? मग मला का विचारताय?” त्या दिवसापासून मी उत्तर माहीत नसलेले प्रश्न विचारायला लागलो. हा रॅक तिसऱ्या पाळीतच का अडतो? त्याला माहीत होतं. तो आधी बाजारात ओझी वाहायचा. कुठलं वजन कुठे झुकतं हे त्याच्या खांद्याला कळत होतं. त्याच्या अर्जात पूर्वानुभवाच्या रकान्यात ‘नाही’ असं लिहिलेलं होतं. तो अर्ज मी स्वतः वाचला होता.

सकाळी गोदामाकडे जाताना एका गल्लीतून यंत्रमागांचा आवाज येतो. मला तो सगळा सारखाच ऐकू येतो.

मामा वॉचमनची नोकरी सोडून गावी गेले, सिंधुदुर्गात. वाडीतल्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर ते दुपारी जाऊन बसत, नुसतंच, बसायला बाकडं आहे म्हणून. एका मे महिन्यात मीही त्यांच्याबरोबर होतो. बायका तांदळाचे डबे घेऊन रांगेत, पट्टा फिरतोय, हवेत पिठाचा धूर. मामा डोळे मिटून बसले होते, मला वाटलं डुलकी लागली. तेवढ्यात त्यांनी हात वर केला आणि डोळे न उघडता म्हणाले, “दगडाक टाकी मारूक होयी.”

गिरणीवाला माझ्याहून लहान, पंचविशीतला. त्याने खालून येणाऱ्या पिठात बोटं घातली. पीठ नेहमीपेक्षा गरम होतं. तो एक शब्द बोलला नाही. रांगेतल्या बायकांना थांबा म्हणाला, बटण बंद केलं आणि पट्टा थांबायची वाट न बघता पाना शोधायला आत गेला.