ओढ वाढवण्याचं शास्त्र आणि परिग्रहाची मर्यादा

मुंबईच्या झवेरी बाजारातलं दुकान वाढवून, रात्री लॅपटॉपवर लक्झरी मॅनेजमेंटची व्याख्यानं ऐकणारा जैन व्यापारी दोन शाळांत एकाच वेळी शिकत असतो.

दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम सांगतो, मागणीपेक्षा माल कमीच दिसू द्या. १९८४ साली आलेली एर्मेसची बर्किन बॅग हे त्याचं ठळक उदाहरण. पैसे मोजायची तयारी असूनही गिऱ्हाईक ताटकळतं आणि ओढ वाढते.

दुसरी शाळा धर्माची. जैन गृहस्थाचं (श्रावकाचं) पाचवं अणुव्रत मात्र परिग्रहाला, म्हणजे बाळगलेल्या संपत्तीला, मर्यादा घालतं. ‘उपासकदशा’ या जैन आगमातला आनंद श्रावक बारा कोटी सुवर्णमुद्रांचा धनी होता. महावीरांपुढे त्याने आहे तेवढ्यावरच रेघ ओढली. दात घासायला ओल्या ज्येष्ठमधाची काडी, दागिन्यांत कर्णभूषणं आणि नावाची अंगठी, एवढंच ठेवलं. व्यापाराच्या गाड्या मात्र राखल्या.

म्हणजे धंदा वर्ज्य नाही. पण गिऱ्हाइकाच्या मनात पेटवलेल्या हव्यासाचं काय?

जैन नीती करण्याइतकाच करवण्याचाही दोष मानते. श्रावकाला निषिद्ध असलेल्या पंधरा धंद्यांत हस्तिदंत आणि विषाचा व्यापार येतो. म्हणजे विकलेल्या मालाची जबाबदारी विकणाऱ्यावर राहतेच. कारागिरी दाखवून, खरा भाव सांगून दागिना विकणं या चौकटीत बसतं. टंचाईचा देखावा उभा करणं बसत नाही, आणि व्यापाऱ्याने त्या अभ्यासक्रमाच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतही ते स्पष्ट लिहायला हवं.