गरजेपलीकडचा टाका

संकट ओसरले की माणूस प्रथम घर आवरू लागतो. दीर्घ दुखण्यातून उठलेली गृहिणी फडताळातले डबे पुसते, पितळी भांडी चिंचेने घासते, पडदे धुऊन वाळत घालते. आणि एखाद्या निवांत दुपारी, कित्येक महिने पेटीच्या तळाशी पडून राहिलेला सुईदोरा बाहेर काढते. हे चित्र आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु त्यात एक बोचरा प्रश्न दडलेला आहे. कर्ज अजून फिटलेले नाही, गेलेले माणूस परत येणार नाही, शेजारच्या घरातली चूल कदाचित आजही थंडच आहे; अशा वेळी उशीच्या अभ्र्यावर फुले भरीत बसणे आणि त्यात रमून जाणे कितपत योग्य? ही दुःखावर घातलेली फुंकर म्हणावी, की दुःखाकडे फिरवलेली पाठ?

फाटलेले शिवणे ही गरज आहे. त्यावर फूल भरणे ही गरज नव्हे. म्हणूनच कष्टाच्या दिवसांत फूल आधी जाते आणि ठिगळ तेवढे उरते. तरीही आपल्याकडची गोधडी पाहावी. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक रचून, धावदोरा घालून शिवलेली ही वस्तू मुळात थंडीसाठी आणि काटकसरीसाठी जन्मली. पण तिच्यातही कोणता तुकडा कोणाशेजारी खुलेल याचा विचार असतो, कडेला त्रिकोणांची रांग असते. थंडीला त्या त्रिकोणांचे काय? शिवणारीला मात्र होते. हातातल्या चिंध्या तिने निवडलेल्या नव्हत्या. त्यांची मांडणी तिने निवडली.

आयर्लंडचा इतिहास या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवतो. 1845 मध्ये तेथील बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढील काही वर्षांत भूक व रोगराई यांनी सुमारे 10 लाख माणसांचा बळी घेतला. त्याहून अधिक लोकांनी देश सोडला. त्या काळात कॉर्क परगण्यातील यॉल या गावी प्रेझेंटेशन संघाच्या मठातील मदर मेरी अ‍ॅन स्मिथ यांनी जुन्या इटालियन लेसचा एक तुकडा धाग्याधाग्याने उसवला, त्याची घडण समजून घेतली आणि ती गावातील मुलींना शिकवली. 1852 मध्ये तेथे लेसची शाळा निघाली. क्लोनिस या गावी एका प्रोटेस्टंट धर्मगुरूंच्या पत्नीने, कॅसान्ड्रा हँड यांनी, 1847 च्या सुमारास क्रोशाच्या लेसचे काम सुरू केले. गुलाब, शॅमरॉकची तीन पाने, वेलबुट्टी असे नमुने सुटे विणायचे, जाड दोऱ्यावर टाके घालून पाकळ्यांना उठाव द्यायचा आणि मग ते सारे बारीक जाळीने एकत्र जोडायचे, अशी ही रीत. जिथे शेत पिकले नाही, तिथे दोऱ्याची फुले विकून घरात भाकरी आली.

ही कथा हृद्य आहे, पण तिच्यावर भाळून जाणे बरे नव्हे. ती लेस श्रीमंत स्त्रियांच्या गळ्यांशी रुळली. विणणाऱ्या मुलीच्या अंगावर ती क्वचितच चढली असेल. आपल्या देशातील आंध्रच्या नरसापूर भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांमुळे क्रोशाची लेस रुजली. तेथील कारागीर स्त्रियांचा मारिया मीस यांनी केलेला अभ्यास 1982 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे. या स्त्रिया दिवसाचे कित्येक तास लेस विणीत. परंतु त्या ‘घरी बसणाऱ्या गृहिणी’ आणि त्यांचे काम ‘फावल्या वेळचे’ असे मानले गेल्यामुळे त्यांच्या पदरी अत्यल्प मजुरी पडे. आनंदाचे नाव पुढे करून कष्टाचे मोल बुडवता येते, हे आपण विसरता कामा नये. ‘घरकामातच बाईचा खरा आनंद’ असे प्रवचन करणाऱ्याने त्या घरात आपण स्वतः कधी केर काढला काय, हेही आठवून पाहावे.

मग आनंद कोठे उरतो? आम्हाला वाटते, तो निवडीत आहे. कठीण काळात माणसाचा दिवस त्याचा स्वतःचा राहत नाही. दुखणे सांगेल तेव्हा उठायचे, सावकार सांगेल तेव्हा घाबरायचे, उरल्या वेळात भूक सांगेल ते करायचे. त्या दिवसांनंतर स्त्री जेव्हा वीतभर कापड मांडीवर घेते, तेव्हा तेवढ्या जागेत तरी हुकूम तिचा चालतो. लाल दोरा की निळा, पाकळ्या पाच की सहा, हे ती ठरवते. चुकले तर उसवते, आणि दोरा पुन्हा हाती येतो. आयुष्यात असे उसवता येत नाही, हे तिला कोणी शिकवायला नको. म्हणूनच या कामाला पळवाट म्हणणे आम्हाला अन्यायाचे वाटते. हात गुंतलेले असताना मन गेलेल्या माणसाकडे जाते, थोडा वेळ तिथे बसते आणि टाका मोजायला परत येते. शोकालाही असा विसावा लागतो.

राहिला शेजारच्या थंड चुलीचा प्रश्न. प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात यापो येथील टबीथेची कथा आहे. ती मरण पावली तेव्हा विधवा स्त्रिया रडत पेत्राभोवती जमल्या आणि तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. टबीथेच्या सुईला शेजार ठाऊक होता. जी बोटे घराच्या वेदीवरील रुमालाला क्रोशाची किनार लावतात, त्यांनाच शेजारच्या बाळंतिणीसाठी दुपटे शिवता येते. स्वतःच्या घरात पुन्हा रमलेल्या माणसाला दुसऱ्याच्या घरातली पोकळी लवकर दिसते, असा आमचा अनुभव आहे.

तेव्हा संकटातून सावरलेली आपली आई, बहीण किंवा सून भरतकाम घेऊन बसली, तर ‘हे आता कशाला?’ असे विचारू नये. ते विकण्यासाठी असेल तर त्याचे पुरेपूर मोल द्यावे. घरासाठी असेल तर चहा आपण करावा, भांडी आपण विसळावी आणि उजेडाची जागा तिला मोकळी करून द्यावी.