चाकाखालचे लिंबू आणि हौद्यातली माणसे

दसऱ्याच्या सकाळी गावोगाव ट्रक आणि टेम्पो धुऊन-पुसून उभे असतात. झेंडूच्या माळा, काचेवर हळदकुंकू, बंपरला नवी लिंबू-मिरची. नारळ फुटतो, मग मालक वाकतो आणि चाकाखाली लिंबू ठेवतो. त्या क्षणी टायर त्याच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर असतो. त्याच्या खाचा झिजून सपाट झाल्या असतील, तर ते पाहायला याहून चांगली संधी वर्षभरात मिळायची नाही. पण पाहिले जाते ते एवढेच, की लिंबू चाकाच्या बरोबर मध्यावर आले की नाही.

या लिंबावर बंदी घाला, असे मी म्हणत नाही. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला. त्यात बंपरवरची लिंबू-मिरची नाही, आणि ती नसावी हेच योग्य. ज्या कृतीने कोणाला इजा होत नाही, तिच्यामागे पोलीस लावण्याचे कारण नाही. माझा प्रश्न साधा आहे. ज्या हाताने लिंबू ठेवले, त्या हाताने टायर तपासला का? तपासला नसेल, तर उद्या घाटात गाडी घसरल्यावर ‘नशिबात होते’ असे म्हणण्याचा अधिकार त्या मालकाला राहत नाही.

मी बोलतो आहे ते जुन्या सहाटायरी छोट्या मालगाड्यांबद्दल. पुढे दोन टायर, मागे जोडीजोडीने चार. टाटांची ४०७ रस्त्यावर आली १९८६ साली. तिने आणि तिच्या जातीच्या गाड्यांनी आपला भाजीपाला, विटा, वाळू, मंडपाचे सामान आणि लग्नाचा रुखवतसुद्धा वाहिला आहे. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात आलेली अशी गाडी हे अनेक घरांचे पोटापाण्याचे साधन आहे. म्हणूनच तिच्याबद्दल नीट विचार करायला हवा.

पहिला गैरसमज असा, की मागे चार टायर आहेत म्हणजे पकड दुप्पट. जोडटायर दिले जातात ते वजन पेलण्यासाठी. पकड येते ती चाकावर पडणाऱ्या भारातून आणि रबर व रस्ता यांच्यातल्या घर्षणातून. टायर वाढवले म्हणून भार वाढत नाही, तो फक्त अधिक जागेवर वाटला जातो. रिकाम्या गाडीत इंजिन आणि केबिनचे वजन पुढे असते, मागचा आस हलका असतो, आणि तो हलका भारही चार टायरांत विभागलेला असतो. कोरड्या डांबरावर याने फारसे बिघडत नाही. पावसात बिघडते. रस्त्यावरचे पाणी चिरून खालच्या डांबराला भिडायला टायरवर जोर हवा. तो नसला की टायर पाण्यावर तरंगू लागतो, आणि भरलेल्या गाडीपेक्षा कमी वेगालाच तरंगू लागतो. शेताच्या बांधावर तर रुंद जोडी वरच्या निसरड्या थरातच गरगरत राहते, खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोचतच नाही. माल उतरवून परत निघालेला चालक ‘आता गाडी हलकी आहे’ म्हणून निश्चिंत होतो, ते या कारणाने चुकीचे आहे.

अमेरिकेत शेवरोलेने १९७३ साली जोडटायरांचा पिकअप थेट कारखान्यातून द्यायला सुरुवात केली. तिथे अशा गाडीला ड्यूली म्हणतात. बर्फाचे दिवस आले की जुन्या ड्यूलीचे मालक मागच्या आसावर वाळूच्या गोण्या ठेवतात. आपल्याकडे बर्फाऐवजी आंबोलीचा पाऊस आहे. दोष तोच आहे आणि उपायही तोच.

दुसरी गोष्ट डिफरन्शियलची. साधे डिफरन्शियल मागच्या दोन्ही बाजूंना सारखाच जोर देते. एक बाजू चिखलात गेली आणि तिला धरायला काही उरले नाही, की दुसऱ्या, कोरड्या बाजूलाही तेवढाच क्षीण जोर मिळतो. चिखलातली जोडी भिरभिरते, कोरड्यावरची जागची हलत नाही. ट्रॅक्टर चालवणाऱ्या शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. नांगरताना एक चाक फिरू लागले की तो डिफ लॉक दाबतो आणि दोन्ही चाके एकत्र ओढू लागतात. तिथे तो यंत्राला यंत्र मानतो. त्याच शेतकऱ्याचा टेम्पो वाटेत रुतला की मात्र कोणाची तरी नजर लागलेली असते, कोणीतरी आडवे गेलेले असते. एकाच माणसाची बुद्धी बांधाच्या अलीकडे चालते आणि पलीकडे थांबते, याचे कारण अज्ञान नाही. त्याला उत्तर ठाऊक आहे. ते इथे लागू करण्याची सवय आपण त्याला लागू दिलेली नाही.

आता टायरांकडे येतो, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिथे आहे. जोडीतले दोन्ही टायर एकाच हबला बांधलेले असतात, म्हणून त्यांना एकाच गतीने फिरावे लागते. एक नवा आणि एक झिजका बसवला, आणि दोहोंच्या व्यासात सहा मिलिमीटरचा फरक पडला, तर प्रत्येक फेऱ्यात सुमारे एकोणीस मिलिमीटरची तफावत येते. अशा गाडीचे चाक किलोमीटरला चारशेच्या आसपास फेरे घेते. म्हणजे ढोबळ हिशेबाने दर किलोमीटरला साडेसात मीटरची तफावत रबराला घासून भरून काढावी लागते. मोठा टायर भार घेतो आणि तापतो. लहान टायर फरफटत झिजतो. पकड दोघांचीही जाते.

आतल्या टायरची हवा हा तर कोणी विचारातच न घेतलेला विषय. त्याचा व्हॉल्व्ह दोन चाकांच्या फटीत असतो. हात घालायचा तर मनगट खरचटते, बोटे काळी होतात. म्हणून क्लीनर लोखंडी टॉमी घेतो, बाहेरून एकेक ठोका मारतो आणि आवाजावरून ‘ठीक आहे’ म्हणतो. पूर्ण बसलेला टायर त्या आवाजात कळतो. निम्म्यावर आलेली हवा कळत नाही. ती फक्त मापकाला कळते. खाचांचेही तसेच. नियमाने त्यांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, आणि ती जोखायला उपकरणही लागत नाही: खाचेच्या तळाशी ठरावीक अंतरावर छोटे उंचवटे दिलेले असतात, रबर झिजून त्यांच्या पातळीला आले की टायर संपला. बोट फिरवून कळणारी गोष्ट आहे.

‘बोलणे सोपे आहे, टायर कोण घेऊन देणार?’ हा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. एका गाडीवर पोट असलेल्या माणसाला सहा टायर एकदम घेणे जड जाते. पण हवा मोजायला पैसे पडत नाहीत. सारख्या झिजेच्या टायरांची जोडी लावायला पैसे पडत नाहीत. चांगल्या ठिकाणी रिमोल्ड केलेला टायर मागच्या चाकाला वापरण्यात काही गैर नाही. शिवाय गरिबीचे कारण प्रत्येकाच्या तोंडी शोभत नाही. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग लागते, आणि पासिंगच्या दिवसापुरते चांगले टायर मागून आणून चढवायचे, संध्याकाळी उतरवून परत करायचे, असे करणारे मालक आहेत. त्या माणसाला खराब टायर कळत नाहीत असे कोण म्हणेल? त्याला ते नेमके कळतात. त्याने फसवले ते अधिकाऱ्याला नव्हे, स्वतःच्या चालकाला.

रस्ते वाईट आहेत, हेही खरे. त्याचा जाब सरकारला विचारलाच पाहिजे. खड्ड्यांची जबाबदारी सरकारची ठरली म्हणून टायरची जबाबदारी मालकावरून उतरत नाही.

अनुभवी चालक यावर हसून सांगतात, ‘साहेब, गाडी भरली की आपोआप धरते.’ यात अर्धे सत्य आहे. मागे भार वाढला की चढावर चाक जागेवर फिरत नाही. पण उतारावर जी गाडी थांबवायची आहे, तिचेही वजन तेवढेच वाढलेले असते. भाराने घर्षण वाढले तरी थांबण्याचे अंतर त्याने कमी होत नाही, उलट ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका वाढतो. जादा मालाला २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये, हे मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने ठरले आहे. दंडाच्या भीतीने कोणी वागावे असे मला वाटत नाही. कारण समजून वागावे.

आणि याच अर्ध्या सत्यातून एक प्रथा निघाली आहे, जिच्यासाठी मी हा लेख लिहितो आहे. रिकामा टेम्पो ओल्या चढावर अडकतो, मागची चाके जागेवर फिरू लागतात, आणि मालक ओरडतो, ‘चार जण मागे चढा, वजन द्या.’ कामावरून परतणाऱ्या बाया, हमाल, क्लीनर हौद्याच्या मागच्या फळीवर उभे राहतात. चाक धरते, गाडी वर जाते. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने उपाय बरोबर आहे. पुढच्या वळणावर तेच चाक सुटले, तर सर्वांत आधी फेकली जातात ती हीच माणसे. त्यांना धरायला दोरी नाही, बसायला जागा नाही, नाही म्हणायची सोय नाही. ठरावीक अपवाद सोडले तर मालवाहू गाडीतून माणसे नेण्याला मोटार वाहन कायद्यात मनाईच आहे. पण कायदा बाजूला ठेवून विचारतो: मागे चढायला कधी मालकाचा मुलगा गेला आहे का? जे काम वाळूच्या दोन-चार गोण्या करतात, त्यासाठी आपण माणूस वापरतो, कारण रोजंदारीवरचा माणूस आपल्याला गोणीपेक्षा स्वस्त पडतो. लिंबू ठेवणाऱ्याच्या श्रद्धेबद्दल मला आदर बाळगता येईल. हे करणाऱ्याबद्दल नाही.

मग करायचे काय? वाळूच्या गोण्या मागच्या आसाच्या बरोबर वर, घट्ट बांधून, परवानगीच्या वजनात. गोण्या सैल राहिल्या तर ब्रेक लागताच त्या केबिनवर येतात, म्हणून बांधणे महत्त्वाचे. चिखलात अडकल्यास चाकापुढे खडी, पोती किंवा उसाचे पाचट, ॲक्सिलरेटर हलका, आणि गाडीमागे कोणीही उभे नाही. बाजार समितीच्या आवारात वजनकाटा असतो. त्याच्या शेजारी हवेचा पंप आणि मापक ठेवायला समितीला फार खर्च येणार नाही, आणि सपाट टायरच्या गाडीत माल चढवायला हमालांनी नकार दिला तर समितीने त्यांच्या बाजूने उभे राहावे. आणि जो चालक सकाळी किल्ली परत ठेवून सांगेल, ‘या टायरांवर मी घाट उतरणार नाही,’ त्याचा त्या दिवसाचा पगार मालकाने पूर्ण द्यावा.