तलवारीशेजारची हाडे

स्टॉकहोमच्या पश्चिमेला मेलारेन सरोवरातल्या ब्यॉर्को बेटावर आठव्या शतकाच्या मध्यापासून दहाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बिर्का नावाचे व्यापारी शहर होते. तिथे याल्मार स्टोल्पे या स्वीडिश संशोधकाने १८७८ मध्ये एक थडगे उघडले. स्टोल्पे मूळचे कीटकशास्त्राचे अभ्यासक. सरोवराकाठच्या अंबरमध्ये अडकलेले किडे शोधत ते या बेटावर आले आणि पुढची अनेक वर्षे तिथली थडगी उकरत राहिले. त्यांनी अकराशेच्या आसपास थडगी उकरली. त्यांतले हे थडगे शहराच्या तटाबाहेर, सैनिकी ठाण्याला लागून उंचवट्यावर होते. जमिनीखाली लाकडी फळ्यांची खोली केलेली होती. मृत व्यक्तीभोवती तलवार, कुऱ्हाड, भाला, लढाईचा सुरा, चिलखत भेदणारे पंचवीस बाण आणि दोन ढाली होत्या. पायाशी उंच ओटा करून त्यावर घोडा आणि घोडी पुरली होती. सोबत पटावरच्या खेळाच्या सोंगट्यांचा पूर्ण संच आणि फासेही होते. शिवणाटिपणाचे, विणकामाचे काहीच नव्हते. पुराणवस्तूंच्या यादीत या थडग्याचा क्रमांक ५८१. व्हायकिंग योद्धा कसा असे हे दाखवायचे झाले की अभ्यासक पुढे याच थडग्याकडे बोट दाखवत. तो योद्धा पुरुष होता, हे वेगळे सिद्ध करावे असे कोणालाच वाटले नाही, कारण तो प्रश्नच कोणी विचारला नव्हता.

प्रश्न का विचारला गेला नाही, याला एक प्रामाणिक कारण आहे. स्कँडिनेव्हियातल्या बऱ्याच थडग्यांत हाडे टिकलेलीच नसतात. कुठे प्रेत जाळलेले असते, कुठे आम्लयुक्त माती हाडे खाऊन टाकते. हाती उरतात त्या वस्तू. म्हणून एकोणिसाव्या शतकात वस्तूंवरून लिंग ठरवायची रीत पडली. खांद्यावर लावायच्या अंडाकृती पिनांची जोडी, किल्ल्या, सूतकताईची चाती दिसली की स्त्री. शस्त्रे दिसली की पुरुष. कामचलाऊ नियम म्हणून ही रीत उपयोगी होती आणि बहुतेक ठिकाणी बरोबरही ठरत असावी. पण तिच्यात एक वर्तुळ दडलेले होते. शस्त्र असलेले प्रत्येक थडगे पुरुषाचे धरायचे, मग त्या सगळ्या थडग्यांची मोजदाद करून सांगायचे की शस्त्रे फक्त पुरुषांसोबत पुरली जात. अशा मांडणीत अपवाद सापडणे शक्यच नाही, कारण सापडताक्षणी तो नियमात जिरून जातो. आणि हे ज्या काळात घडत होते त्याच काळात वाल्किरी या रणदेवता युरोपच्या रंगभूमीवर मोठ्या दिमाखात वावरत होत्या. वाग्नरचा त्यांच्यावरचा ऑपेरा १८७० मध्ये म्युनिकमध्ये रंगमंचावर आला. कल्पनेतल्या तलवारधारी स्त्रीला टाळ्या मिळत होत्या, मातीतल्या तलवारीशेजारची हाडे मात्र न तपासताच पुरुषाची ठरत होती. स्त्रीच्या हाती सत्ता असू शकते, हे मान्य करायला अभ्यासकांना तितके जड गेले नाही. नॉर्वेत ओसेबर्ग इथे १९०४ मध्ये उकरलेल्या भव्य जहाजात दोन स्त्रियांचे अवशेष निघाले. इसवी सन ८३४ मधले हे दफन. त्यांतली एक राणी असावी असा तर्क लगेच पुढे आला. राणी चालत होती, शिपाई चालत नव्हती.

दंतकथांचे काय, असा प्रश्न इथे येतो. शस्त्र घेतलेल्या स्त्रिया उत्तरेकडच्या वाङ्मयात भरपूर आहेत. डेन्मार्कचा साक्सो ग्रामाटिकस सन १२०० च्या सुमारास लॅटिनमध्ये इतिहास लिहितो, त्यात मोकळ्या केसांनी पहिल्या फळीत लढणारी लागेर्था भेटते. आइसलँडच्या सागा नावाच्या जुन्या कथांमध्ये बापाच्या थडग्यातून तलवार मागून घेणारी हेर्व्हर आहे. पण हे लेखक व्हायकिंग काळानंतर दीड-दोनशे वर्षांनी आलेले ख्रिस्ती लेखक होते. साक्सोच्या डोळ्यांसमोर ग्रीक-रोमन ग्रंथांतल्या ॲमेझॉन या लढवय्या स्त्रिया होत्या आणि मर्यादा सोडलेल्या स्त्रीबद्दल त्याची मतेही ठाम होती. जूडिथ जेश यांनी १९९१ मध्ये व्हायकिंग काळातल्या स्त्रियांवर जे पुस्तक लिहिले, त्यात अशा कथांना इतिहास मानायला त्या तयार नव्हत्या. मला ती सावधगिरी योग्य वाटते. लागेर्था खरी होती असे आज कोणी म्हणत असेल तर त्याच्याकडे पुरावा नाही. तरीही लिखित साधनांत दोन उल्लेख वेगळ्या जातीचे आहेत. आइसलँडच्या ग्रागास या कायदेसंग्रहात स्त्रीने पुरुषी वेष करणे, केस कापणे आणि शस्त्र बाळगणे यांना बंदी आहे. बंदी होती म्हणजे प्रथा होती, असे सरळ म्हणता येत नाही; एवढेच कळते की कायदा करणाऱ्यांना ती गोष्ट अशक्य वाटत नव्हती. दुसरा उल्लेख बायझंटाइन इतिहासकार स्कायलिट्झीस याचा. सन ९७१ मध्ये डॅन्यूबकाठी दोरोस्तोलोनला बायझंटाइन फौजेची पूर्व युरोपातल्या रूस राज्याचा राजा स्व्यातोस्लाव याच्या सैन्याशी लढाई झाली. नंतर मेलेल्यांची चिलखते काढताना बायझंटाइन सैनिकांना पुरुषांसारख्या सज्ज झालेल्या स्त्रिया आढळल्या, असे तो लिहितो. तोही शंभरेक वर्षांनी लिहितो आहे, पण त्याला उत्तरेच्या वीरकथा रंगवायच्या नव्हत्या. शिवाय बिर्काचे नाते याच पूर्वेकडच्या जगाशी होते. ५८१ क्रमांकाच्या थडग्यातल्या रेशमी टोपीवरचा चांदीचा गोंडा त्या बाजूच्या कारागिरीशी जुळतो.

हाडांकडे लक्ष गेले ते फार उशिरा. १९७० च्या दशकात बेरिट विल्कान्स या अस्थितज्ज्ञ बिर्कातली हाडे तपासत होत्या. हा सांगाडा स्त्रीचा असावा असे त्यांनी नोंदवले, आणि ती नोंद तशीच पडून राहिली. पुढे आना शेलस्ट्रॉम यांनी कमरेच्या हाडाचा आकार, हनुवटीची ठेवण आणि हाडांचा बारीकपणा पाहून तोच निष्कर्ष काढला: किमान तीस वर्षे वयाची स्त्री. तरी शंका उरलीच. शेवटी शार्लोट हेडेनस्टीर्ना-यॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुळा आणि दंडाचे हाड यांतून डीएनए काढला. दोन्ही नमुने एकाच व्यक्तीचे निघाले आणि त्यांत वाय गुणसूत्र नव्हते. हा निबंध सप्टेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एकशे एकोणचाळीस वर्षे जो आदर्श व्हायकिंग योद्धा होता, तो शरीराने स्त्री ठरला.

खरा बोधप्रद भाग इथून पुढचा आहे. निबंध आल्यावर आक्षेपांची रांग लागली, आणि त्यांतले काही आक्षेप खरोखर दखल घेण्याजोगे होते. पहिला असा की इतक्या वर्षांत संग्रहालयात हाडांची सरमिसळ झाली असेल. हा आक्षेप तपासता येतो आणि तो तपासला गेला. हाडांवर थडग्याचा क्रमांक शाईने लिहिलेला आहे आणि स्टोल्पेने काढलेल्या नकाशात सांगाड्याची मांडणी नोंदलेली आहे. त्या नोंदींत थडग्यात एकच मृत व्यक्ती आहे. ही स्त्री कोणा पुरुष योद्ध्याची सोबतीण असावी या तर्काला तिथे जागा उरत नाही. दुसरा आक्षेप: हाडांवर जखमांच्या खुणा नाहीत, मग ही लढली कशावरून? पण बिर्कात ज्यांचे पुरुष असणे निश्चित झाले आहे अशा एकोणपन्नास सांगाड्यांपैकी धारदार शस्त्राच्या खुणा फक्त दोघांवर आहेत. ही कसोटी लावायची तर बिर्काचे जवळजवळ सगळे योद्धे बाद होतील. तिसरा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत वजनदार आहे. शस्त्रांसह पुरलेला माणूस लढवय्याच असतो असे नाही; पुरणारे जिवंत लोक असतात आणि थडग्यात काय ठेवायचे हे तेच ठरवतात. शस्त्रे घराण्याची प्रतिष्ठा दाखवण्यासाठी असू शकतात, वारशाची असू शकतात. हाइनरिश हेर्के यांनी १९९० मध्ये इंग्लंडमधल्या अँग्लो-सॅक्सन थडग्यांबद्दल हेच दाखवले होते. तिथे लढणे शक्यच नव्हते अशा लहान मुलांबरोबर आणि अपंग माणसांबरोबरही शस्त्रे पुरलेली आढळतात.

हा तिसरा आक्षेप मी मनापासून मान्य करतो. नेमक्या त्यामुळेच एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. हेर्के यांचा निबंध २०१७ च्या सत्तावीस वर्षे आधी उपलब्ध होता. शस्त्र म्हणजे योद्धा नव्हे, हे तत्त्व म्हणून अभ्यासकांना माहीत होते. तरी बिर्काच्या या थडग्याला ते लावायचा आग्रह कोणी धरला नाही. मृत व्यक्ती पुरुष समजली जात होती तोवर तलवार तलवारच होती, घोडे घोडेच होते. व्यक्ती स्त्री ठरताच तलवार अचानक प्रतीक झाली आणि घोडे कोणा दुसऱ्याचे झाले. थडग्यातली एकही वस्तू बदललेली नव्हती. नील प्राइस यांच्यासह मूळ चमूने २०१९ मध्ये 'अँटिक्विटी' या नियतकालिकात सविस्तर उत्तर दिले, त्याचा गाभा हाच होता: ही स्त्री योद्धा नव्हती अशी शक्यता आहे, पण ती शक्यता शस्त्रांसह पुरलेल्या प्रत्येक पुरुषाबाबतही तेवढीच आहे. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातून मिळालेले सर्वांत मोलाचे ज्ञान हे आहे. स्त्रिया लढत होत्या का, या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न सोडवावा लागतो: आपण कोणालाही योद्धा कशाच्या आधारे म्हणतो? ती कसोटी एकदा ठरली की दोघांनाही सारखीच लागू झाली पाहिजे. सैल ठेवायची तर दोघांसाठी सैल, कडक करायची तर दोघांसाठी कडक.

कसोटी सारखी ठेवायची म्हटली की ती उलट बाजूलाही लागते. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या चौदा दफनांचा अभ्यास २०११ मध्ये झाला. त्यांत स्त्रियांचे प्रमाण पूर्वी समजले जाई त्याहून बरेच जास्त निघाले. एवढ्या आधारावर अर्धे व्हायकिंग योद्धे स्त्रिया होत्या अशी वाक्ये जगभर फिरली. मूळ अभ्यास होता वसाहतीचा: आक्रमकांबरोबर स्त्रियाही समुद्र ओलांडून आल्या आणि तिथे राहिल्या. त्याला फौजेची शिरगणती मानणे म्हणजे स्टोल्पेच्या काळची चूक उलट्या दिशेने करणे आहे. बिर्काच्या थडग्यातल्या सोंगट्यांवरून ही स्त्री सेनापती होती, डावपेच आखत होती, असाही निष्कर्ष काढला गेला. मला तो फार ताणलेला वाटतो. सोंगट्या इतर थडग्यांतही सापडतात, आणि पटावर खेळणारा प्रत्येक जण सेना चालवत नसतो. नॉर्वेत सोलोर भागात १९०० मध्ये सापडलेली तरुणी मला जास्त विचारात पाडते. तलवार, कुऱ्हाड, भाला, बाण, ढाल आणि पायाशी घोडा अशी तिची सगळी मांडणी आहे, पण शरीर अगदी लहानखुरे. ती जड शस्त्रे पेलून लढली असेल का, याबद्दल मला शंका आहे. पण तिला पुरणाऱ्यांनी तिला कोणत्या रूपात निरोप दिला याबद्दल नाही.

आणखी एक अडचण उरते आणि ती शब्दांची आहे. गुणसूत्र शरीराबद्दल सांगते. ती व्यक्ती स्वतःला काय समजत होती, भोवतालचे लोक तिला कोणत्या नावाने हाक मारत होते, हे सांगत नाही. बिर्काच्या थडग्यात स्त्रीपणाची एकही खूण नाही, म्हणून ती व्यक्ती पुरुष म्हणून जगत असेल, ही शक्यता काहींनी मांडली आणि संशोधकांनीही ती नाकारली नाही. फिनलंडमधल्या सुओन्ताका इथे १९६८ मध्ये सापडलेले थडगे या बाबतीत बोलके आहे. ते व्हायकिंग काळाच्या थोडे नंतरचे. त्यात स्त्रीच्या पोषाखाच्या पिना आणि तलवार एकत्र होती, आणि अनेकांना हे दोन माणसांचे थडगे असावे असे वाटे. २०२१ च्या अभ्यासात दिसले की व्यक्ती एकच होती आणि तिच्या शरीरात बहुधा दोन एक्स व एक वाय अशी गुणसूत्रे होती. डीएनएचा नमुना फार तुटपुंजा होता, म्हणून 'बहुधा' हा शब्द इथे महत्त्वाचा. पण त्या समाजाने तिला सन्मानाने पुरले आणि दोन्ही खुणा तिच्या अंगावर राहू दिल्या. आपल्याकडे लढणाऱ्या स्त्रीसाठी 'रणरागिणी' असा खास शब्द आहे. त्यात आदर आहे, पण आश्चर्यही आहे. लढणाऱ्या पुरुषाला असा शब्द लागत नाही, त्याला शिपाई म्हटले की भागते. इंग्रजीतला 'शील्डमेडन' असाच आश्चर्यातून आलेला. बिर्काच्या थडग्यात या आश्चर्याचा मागमूस नाही. ठाण्याजवळची जागा, खोली, शस्त्रे, घोडे हे सगळे तिथल्या रिवाजाला धरून आहे. पुरणाऱ्यांना काही अजब घडते आहे असे वाटल्याची एकही खूण त्यांनी मागे ठेवलेली नाही.

अजून किती थडगी अशी असतील, याचा अंदाज बांधायचा मोह मी आवरतो. बिर्काची बरीच दफने दहनाची आहेत, तिथे डीएनए मिळणार नाही. जिथे हाडे आहेत तिथेही ती अपुरी आहेत. ५८१ क्रमांकाच्या सांगाड्याची कवटीसुद्धा आज हरवली आहे, खालचा जबडा तेवढा उरला आहे. पण शस्त्रांवरून लिंग ठरवून कपाटात ठेवलेले सांगाडे उत्तरेकडच्या संग्रहालयांत अजूनही आहेत, आणि त्यांची पेटी उघडताना यादीतला 'पुरुष' हा शब्द आता नुसता वाचून पुढे जाता येत नाही. स्टोल्पेच्या नोंदींवरून केलेले या थडग्याचे चित्र १८८९ मध्ये एका स्वीडिश साप्ताहिकात छापले गेले होते. २०१७ नंतर नवी चित्रे काढली गेली, त्यांत त्या खोलीत एक स्त्री बसलेली आहे. तलवार, ढाली, भाला, सोंगट्या, पायाशी घोडा आणि घोडी: स्टोल्पेने जे जिथे नोंदले होते ते तिथेच आहे.