नकाशावरची रेघ

किनारा राखण्याच्या योजनेला कायद्याचे बळ असावे का, असे विचारले तर आपण धर्मग्रामातले बहुतेक जण चटकन 'हो' म्हणू. पण पेण-रोह्याच्या माणसाला हा प्रश्न इतका सोपा नाही. घराच्या ओट्यावरून समुद्र दिसत नसला तरी धरमतरच्या खाडीतून भरतीचे पाणी पेणच्या खारेपाटापर्यंत येते, आणि कुंडलिकेतून ते रोह्याच्या दिशेने चढते. शिवाय आपली भातशेती मुळात खाडीकडूनच घेतलेली आहे. बांध घालून, खारे पाणी अडवून पूर्वजांनी ती पिकवली. तेव्हा निसर्गाला हातच लावू नये, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

एकेकाळी हे बांध कायद्याविना राखले जात. उधाणाने खांड पडली की गाव चिखल घेऊन धावे, कारण एकाच्या आळसाने शंभरांच्या शेतात खारे पाणी शिरे आणि पुढची काही वर्षे भात नीट येत नसे. खारजमिनींचा कायदा १९४८ साली आला. त्याआधी माणसांना बांधून ठेवणारी गोष्ट होती शेजार. मग आज सद्सद्विवेक पुरेसा का नाही? आम्हांला वाटते, कारण हे: आज जो खाडीत भराव टाकतो, तो बहुधा त्या बांधामागे राहत नाही. त्याचे भात बुडत नाही. जिथे शेजार संपतो तिथे कायदा लागतो.

कायदा आहेही. केंद्र सरकारने १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली आणि राज्यांना वर्षभरात किनारा व्यवस्थापनाचे आराखडे करायला सांगितले. ते झाले नाहीत. शेवटी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना मुदत घालून द्यावी लागली. नुसते कायदे करून भागत असते तर भारत जगातला सर्वांत स्वच्छ देश ठरला असता, अशा अर्थाचे शब्द त्या निकालात आहेत. पुढे त्या अधिसूचनेत वीसहून अधिक वेळा बदल झाले. २०११ साली नवी आली, २०१९ साली आणखी एक, आणि तिने खाडीकाठचे संरक्षित अंतर १०० मीटरवरून ५० मीटरवर आणले. संसदेत चर्चा नाही, मतदान नाही. अधिसूचना असल्याने खात्याच्या सहीने काम होते. योजनेला कायद्याचे बळ दिले असे म्हणायचे आणि ती रेघ सोयीप्रमाणे सरकवायची, याला बळ म्हणावे का?

संत थॉमस अक्वायनस यांनी कायद्याच्या व्याख्येत चार गोष्टी मागितल्या: तो विवेकाला धरून असावा, सर्वांच्या हितासाठी असावा, समाजाची जबाबदारी असलेल्याने तो केलेला असावा, आणि तो जाहीर झालेला असावा. शेवटची अट आपण सहज विसरतो. ज्या कोळ्याच्या होडीची जागा, मासळी सुकवायची ओटी आराखड्याच्या रंगीत पट्ट्यात येते, त्याला तो नकाशा वाचता आला नाही तर कायदा जाहीर झाला असे आम्ही मानत नाही. कातकरी बांधवांचे तर विचारूच नका. खाडीतले खेकडे-निवट्या हे त्यांचे अन्न, पण सातबाऱ्यावर त्यांचे नाव नसते.

दिवंगत परमगुरू फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' पत्रात कांदळवने नाहीशी होत असल्याची चिंता बोलून दाखवली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली कांदळवनांची नासधूस हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला. म्हणून आम्ही कायद्याच्या बाजूने आहोत. पण कोळ्याच्या झोपडीला जी रेघ लागू, तीच मोठ्या जेट्टीलाही लागू हवी; आणि आराखड्याचा मसुदा हरकतींसाठी खुला होतो तेव्हा तो मराठीत, गावच्या चावडीवर, उधाणाच्या खुणा ठाऊक असलेल्या म्हाताऱ्यांसमोर वाचला जायला हवा. रेघ कुठे चुकली हे सांगणारी माणसे तिथेच बसलेली असतात.