आजचे चिंतन : समदृष्टी आणि घराची किल्ली



आज गीतेच्या पाचव्या अध्यायातला १८वा श्लोक. विद्या आणि विनय असलेला ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि ज्याला समाजाने सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवलं तो माणूस, या सगळ्यांकडे ज्ञानी सारख्याच नजरेने पाहतो, असं भगवंत सांगतात. आपल्यापैकी बऱ्याच जणांना हा श्लोक पाठ असेल. मलाही आहे. पण या आठवड्यात तो म्हणताना माझ्यासमोर हत्ती नव्हता की गाय नव्हती. चार बिऱ्हाडं होती आणि घर एकच होतं.

झालं असं की सासूबाईंचा कर्वेनगरचा वन बीएचके त्या गेल्यापासून बंद होता. बंद घर खराब होतं, नळाला गंज चढतो, भिंतींना ओल धरते. यजमान निवृत्त झालेत, चार पैसे आले तर हवेच आहेत. म्हणून भाड्याने द्यायचं ठरलं. आम्ही दोघांनी आयुष्याची पहिली नऊ वर्षं भाड्याच्या खोलीत काढली, पण घरमालक होण्याची ही पहिलीच वेळ.

(देह हे भाड्याचं घर आणि जीव हा भाडेकरू, हा दृष्टांत आपण कीर्तनात शेकडो वेळा ऐकलाय. आज तो बाजूला ठेवते. खरं भाड्याचं घर समोर असताना दृष्टांतात शिरलं की सुटका होते, आणि मला सुटका नको होती.)

प्रश्न सरळ आहे. सगळ्यांकडे सारखं पाहायचं तर एकाला निवडायचं कसं? निवडणं म्हणजे तीन जणांना नाही म्हणणं.

यावर आपल्याकडे एक जुनं उत्तर आहे. दृष्टी सम असावी, वागणूक प्रसंगानुसार असावी. रामकृष्ण परमहंसांची हत्तीची गोष्ट आठवा. सगळ्यांत नारायण आहे म्हणून शिष्य पिसाळलेल्या हत्तीसमोरून हलला नाही आणि मार खाऊन पडला. तेव्हा गुरूंनी विचारलं, की हत्तीत नारायण दिसला, मग बाजूला हो म्हणून ओरडणाऱ्या माहुतातला नारायण का नाही दिसला? फार शहाणी गोष्ट आहे. डोळे मिटून किल्ली कुणाच्याही हातात द्यावी असं समदृष्टी सांगत नाही.

पण हेच उत्तर आपण शतकानुशतकं कसं वापरलं तेही पाहायला हवं. देव सगळ्यांत आहे, पण पाणवठा वेगळा. आत्मा एकच, पण उंबऱ्याच्या आत यायचं नाही. ‘वागणूक वेगळी’ या दोन शब्दांत इतकी जागा आहे की सगळं जातपात आरामात मावलं. म्हणून मला वाटतं, या श्लोकावर बोलताना पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे. वागणूक कशावरून वेगळी? समोरच्याच्या करणीवरून, की त्याच्या जन्मावरून?

एजंट मुलगा चांगला होता, काकू काकू म्हणून बोलायचा. त्याने फोनवर पहिल्यांदा विचारलं ते असं : “फॅमिली की बॅचलर? व्हेज की नॉनव्हेज चालेल? आणि काकू, कास्ट-बिस्टचं काही आहे का, आधीच सांगा म्हणजे तसेच लोक आणतो.” त्याच्या आवाजात वाईट काही नव्हतं. भाजीवाला मेथी की पालक विचारतो तसं. घरमालकांनीच त्याला हे प्रश्न शिकवलेत. भाडं वेळेवर देतील का, आधीचं घर कसं ठेवलं होतं, हे त्याने विचारलं नाही, कारण त्याला ते कुणी विचारत नाही.

आता घरमालकाच्या मनातल्या भीतीबद्दल. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या पिढीने मुंबईचे वाडे आणि चाळी पाहिल्यात. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४०च्या आसपासच्या आकड्यांवर बांधून टाकली होती. पुढे १९७३च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहत असलेल्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. एका रात्रीत पाहुणा कायमचा झाला, असं मालकांना वाटलं. ‘घर भाड्याने दिलं की गेलं’ ही म्हण झाली ती तिथून. भाडेकरूंच्या बाजूनेही त्या कायद्याची गरज होती, युद्धानंतरच्या मुंबईत डोक्यावर छप्पर राहणं ही साधी गोष्ट नव्हती. पण भीती उरली, ती अजून आहे.

आजचा कायदा मात्र वेगळा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्याच्या कलम २४ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर राहणाऱ्याने घर सोडलं नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि मुदतीनंतरच्या दिवसांचे पैसे दुप्पट दराने मागता येतात. कलम ५५ तर मला फारच आवडलं. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. केला नाही, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. ११ महिन्यांचा करार आहे म्हणून नोंदणी नको, हे आपल्या राज्यात चालत नाही. शिवाय भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची, तीही आता ऑनलाइन देता येते.

म्हणजे घर गमावण्याच्या भीतीवर औषध आहे, आणि ते कागदात आहे. आडनावात नाही. नोंदणी न करता ‘आपल्यातल्या’ माणसाला घर देणारे मी पाहिलेत. आपला आहे, कागद कशाला, असं म्हणतात. त्यांना ना कायद्याचं संरक्षण, ना विवेकाचं.

गीतेच्या १६व्या अध्यायात दैवी गुणांची मोठी यादी आहे. तिची सुरुवात ‘अभय’ या शब्दाने होते. अहिंसा, सत्य, दया हे सगळं त्याच्यानंतर येतं. असं का, याचा विचार मी पूर्वी पुष्कळ केला होता. घर दाखवायला लागल्यावर तो क्रम जरा कळला. घाबरलेला माणूस खरं बोलत नाही.

इथे मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आठवणी सांगायच्या आहेत. १९१७ साली परदेशातून शिकून ते बडोदा संस्थानात नोकरीला गेले. राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव घेऊन राहिले. काही दिवसांनी ते उघड झालं. काठ्या घेतलेली माणसं दारात आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेली. बाबासाहेब दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू, एक ख्रिश्चन. हिंदू मित्र म्हणाला, तू माझ्या घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिश्चन मित्र म्हणाला, बायको उद्या येणार आहे, तिला विचारावं लागेल. त्या रात्रीची मुंबईची गाडी येईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. नंतर ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी हे लिहून ठेवलं.

हा प्रसंग वाचताना माझं लक्ष दर वेळी काठ्यांपेक्षा त्या दोन मित्रांकडे जातं. दोघेही सभ्य होते, शिकलेले होते. दोघांपैकी एकानेही स्वतःच्या तोंडाने ‘नाही’ म्हटलं नाही. एकाने ते नोकरांच्या तोंडी घातलं, दुसऱ्याने बायकोच्या. आज त्या जागी सोसायटी आहे. “आमचं काही नाही हो, कमिटी ऐकत नाही.” किंवा सगळ्यात सोपं, “फ्लॅट गेला.”

हे ‘फ्लॅट गेला’ मला सगळ्यात जास्त खुपतं. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून बोलतो असं आपण म्हणतो. १७व्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय, की बोलणं उद्वेग न देणारं असावं, आणि खरं असावं, आणि प्रिय आणि हिताचंही असावं. आपण त्यातला फक्त ‘प्रिय’ उचलतो. ज्याला आठ ठिकाणी ‘फ्लॅट गेला’ ऐकावं लागतं, त्याला हे प्रिय वाटत असेल असं कोण म्हणेल? पुढच्या आठवड्यात तीच जाहिरात त्याला पुन्हा दिसते. त्याला सगळं कळतं.

म्हणून आम्ही दोघांनी आधी बसून ठरवलं, की विचारायचं ते सगळ्यांना सारखंच आणि कागदावर लिहून. नोकरी काय, पगाराच्या मानाने भाडं झेपेल का, राहणार किती जण, आधीच्या घरमालकाचा फोन, तिथलं घर का सोडलं. अनामत तीन महिन्यांची. करार नोंदणीकृत, पोलिसांना माहिती द्यायची, मग तो आमच्या मावसबहिणीचा जावई का असेना. यात जे बसतील, त्यांच्यापैकी आधी जो येईल त्याला घर. घरात काय शिजेल हे यादीत घातलं नाही. मी एकादशी करते, कांदा-लसूणही कमीच. पण ११ महिने ते स्वयंपाकघर त्यांचं आहे. त्यांच्या चुलीवर माझं व्रत कसं चालेल?

अनामत या शब्दावरही थोडं. अनामत म्हणजे दुसऱ्याची आपल्याकडे ठेवलेली ठेव. ती घरमालकाची मिळकत नव्हे. यजमानांनी त्यासाठी बँकेत वेगळं खातं काढलं. त्यांना हिशेबाची आवड आहे, पण मला त्यात धर्मही दिसला. घर सोडताना रंगाचे पैसे, कसले कसले पैसे म्हणून अनामत गिळणारे मालक आम्ही भाडेकरू म्हणून अनुभवलेत.

चौघांपैकी तीन विद्यार्थी होते. भाडं वडील देणार होते, पण आधीच्या मालकाचा फोन द्यायला ते तयार नव्हते. यादीत बसले नाहीत. तसं त्यांना स्पष्ट सांगितलं. “बॅचलर म्हणून ना काकू?” एकाने विचारलं. नाही म्हटलं, फोनमुळे. फोन आणा, मग बोलू. आणला नाही.

लातूरकडचं एक नवरा-बायकोचं जोडपं होतं, ते चौथ्या दिवशी आलं. एक परिचारिका होती, आई आणि ती. रात्रपाळ्या असतात म्हणून दोन सोसायट्यांनी नकार दिलेला. ती तिसऱ्या दिवशी आली. आणि पहिल्याच दिवशी एक मुसलमान कुटुंब आलं होतं. नवरा एका कारखान्यात, बायको शिक्षिका, मुलगी नववीत. त्यांना आणण्यापूर्वी एजंटने मला तीनदा विचारलं होतं, “दाखवू ना नक्की?” आधीच्या घरमालकांशी मी स्वतः बोलले. पाच वर्षांत भाडं एकदाही चुकलं नाही, म्हणाले. मालकांचा मुलगा परत येणार म्हणून ते घर सोडत होते.

यादीत बसले आणि आधी आले, म्हणून घर त्यांना.

कमिटीतले एक गृहस्थ घरी येऊन गेले. आपल्या इमारतीत आजवर असं झालं नाही, लोक कुरकुर करतील, एनओसी अडकेल, वगैरे. यजमानांनी उपविधींची प्रत काढून ठेवली होती. सोसायटीला लेखी कळवायचं, कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडायची, बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत भरायचं. ते भरू म्हणाले. गृहस्थ चहा घेऊन गेले, पण खूश नव्हते. जिन्यात दोन शेजारणी आता माझ्याशी मोजकंच बोलतात. हे चालायचं. मुलीशी नीट बोलतील ना, एवढीच काळजी आहे, आणि त्यावर माझ्याकडे कागद नाही.

त्या परिचारिकेला मी स्वतः फोन केला. सांगितलं, की तुझ्यात काही कमी नाही, घर तुझ्या आधी आलेल्यांना दिलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “असू दे काकू, सोसायटीचं असतंच.” मी पुन्हा सांगितलं की सोसायटीचा संबंध नाही. “हो हो,” म्हणाली. तिला ते पटलं असं मला वाटलं नाही. इतक्या जणांनी तिला गोड कारणं दिलीत, की खरं कारणही आता तिला त्यातलंच एक वाटलं. आमच्या भजनी मंडळात एकीचा फ्लॅट दिवाळीत रिकामा होतोय. तिचा नंबर मी त्यांना दिलाय आणि त्यांनी भेटायचं कबूल केलंय.

नोंदणीसाठी माणूस अंगठ्याचं मशीन घेऊन गुरुवारी घरी येणार आहे. सासूबाईंचे देव मी आधीच आमच्याकडे आणलेत. कोनाडा रिकामा आहे.

उद्या १९वा श्लोक घेऊ. साम्य म्हणजे काय, ते तिथे अजून पुढे जातं.

राम कृष्ण हरी.